पावसाळ्यात ताम्हिणी घाटातून पहिल्यांदाच गाडी नेतोय. काय काळजी घेऊ? पार्किंग लाइट लावून चालवू का?

नका लावू. माझं बाकी काही ऐकलं नाहीत तरी चालेल, पण चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर चालू ठेवू नका.

2019च्या जुलैत आम्ही लावणीसाठी गावी निघालो होतो, कराड-पाटणवरून कुंभार्ली घाटाने. पुढे दादाची गाडी, मागे माझी. हेळवाक सोडलं आणि धुकं असं दाटलं की कडेचा पांढरा पट्टाही दिसेना. दादाने चारही दिवे लावले. मला बरंच वाटलं, निदान गाडी तरी दिसतेय. घाटमाथ्याजवळ त्याने वेग कमी केला. साइड देतोय असं समजून मी उजवीकडून काढली आणि तेवढ्यात तो उजवीकडच्या चहाच्या टपरीकडे वळला. इंडिकेटर दिला होता म्हणून आजही शपथेवर सांगतो. दिला असेल! हॅजर्ड, म्हणजे चारही इंडिकेटर, चालू असताना तो मागच्याला दिसणार कसा? चारही लुकलुकतच राहतात.

माझं बोनेट त्याच्या मागच्या दारात घुसलं. दाराला टेकून पुतणी झोपली होती. मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. चिपळूणच्या दवाखान्यात वहिनी तिच्या वेणीतून काचेचे दाणे एकेक करून वेचत होती.

दादाचं म्हणणं, "सगळेच लावतात." अरे, सगळ्यांनी लावले तर बंद पडलेली गाडी कोणती आणि चालती कोणती, हे मागच्याने ओळखायचं कसं? ताम्हिणीत शनिवार-रविवारी धबधब्यांपाशी गाड्या रस्त्यातच उभ्या असतात. तो दिवा अशा उभ्या गाडीसाठी आहे. तुम्ही हेडलाइट लावा, तोही डिपरवर. अप्पर मारलात की समोर नुसती पांढरी भिंत. पुढची डीआरएल पट्टी (गाडी सुरू होताच आपोआप पेटणारे दिवे) पेटली म्हणजे झालं असं समजू नका, बऱ्याच गाड्यांत तेव्हा मागे अंधारच असतो.

टायरची खाच 1.6 मिमी ही कायद्याची हद्द झाली, मी 3 च्या खाली गेली की टायर बदलतो. ज्या गिअरात घाट चढाल त्याच गिअरात उतरा, पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करू नका. मोरीवरून पाणी जात असेल तर पुढचा गेला म्हणून तुम्ही जाऊ नका, खाली रस्ता उरलाय की नाही हे वरून कळत नाही. 2 ऑगस्ट 2016च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला, त्यात दोन एसट्या प्रवाशांसकट गेल्या.

आता माझी बाजू. धुक्यात, तेही घाटात, मी ओव्हरटेक करायलाच नको होतं. अंतरही कमी ठेवलं होतं. दादा, हे वाचत असशील तर माझी चूक मी कबूल केली. आता त्या दिव्यांची तू कर.