आधी आवाज, मग माती

अरे क्ले अ‍ॅनिमेशनसाठी (मातीचे प्राणी जरा जरा हलवत एकेक फोटो काढून फिल्म बनवायची ते) क्ले आणलास ते ठीक, पण तो डबा आत्ता उघडू नकोस, आधी रेकॉर्डिंग कर. निक पार्कची १९८९ ची क्रीचर कम्फर्ट्स ही क्ले फिल्म पाहिलीयस ना, तीच आर्डमन या ब्रिटिश स्टुडिओवाली, ज्यावरून २००३ मध्ये आयटीव्ही या ब्रिटिश चॅनेलवर सिरीज आली, त्यात प्राणी बोलतात ते डायलॉग कोणी लिहिलेले नाहीत, साध्या माणसांना घर, हवा, जेवण असलं विचारून त्यांचे आवाज प्राण्यांच्या तोंडी दिलेत. तो जॅग्वार आठव, जागा नाही, हवा वाईट म्हणून हात फेकत कुरकुरतो, तो आवाज इंग्लंडमध्ये राहणाऱ्या एका ब्राझिलियन विद्यार्थ्याचा आहे!

म्हणून एडिट करताना "अं...", अडखळणं, मध्येच आवंढा गिळणं हे कापू नकोस प्लीज, सगळी मजा तिथेच असते, त्या गॅपमध्ये नुसती पापणी लवली तरी लोक हसतात. माझं पहिलं कासव सतत हात हलवत होतं, कोणी हसलं नाही.

तोंडं सुटी बनव, आ-ई-ऊ-ओ, ओठ मिटलेलं प-ब-म चं, अशी आठ-दहा पुरतात, आवाजाप्रमाणे बदलून लावत जायची. सेकंदाला २५ फ्रेम (म्हणजे चित्रं) धरल्या तरी एक पोझ दोन फ्रेम ठेवली की चालतं, म्हणजे साधारण साडेबारा फोटो.

आणि खिडकी बंद कर बाबा, ऊन सरकलं की फोटोंचा उजेड कमीजास्त होऊन सगळं फ्लिकर होतं, माझे चार तास असेच गेलेत.