अलंग-मदन-कुलंग या तीन किल्ल्यांचा ट्रेक नवख्या माणसाला जमेल का?

तिन्ही एका दमात नकोत. आधी फक्त कुलंग करा. इगतपुरी-घोटीमार्गे आंबेवाडी गाठायची आणि गावातलाच वाटाड्या घ्यायचा, कारण खालच्या जंगलात ढोरवाटांनी भलेभले चकतात. कुलंगला दोर लागत नाही, पण चढ अक्षरशः घाम काढतो. वर पाण्याच्या टाक्यांची रांग आहे आणि मुक्कामाला गुहा.

खरी कसोटी मदन आणि अलंगची. मदनवर कातळात कोरलेल्या अरुंद पायऱ्या, बाजूला सरळ दरी, आणि पुढे पायऱ्याच गायब! इंग्रजांनी सुरुंग लावून उडवल्या. उरलेला साधारण ५० फुटांचा कातळ दोर, हार्नेस (दोर अडकवायचा कमरपट्टा), हेल्मेट आणि वरून बिले देणारा, म्हणजे घसरलात तर दोराने सावरणारा, जाणकार असेल तरच चढायचा. उतरताना रॅपलिंग, म्हणजे दोराच्या आधाराने कडा उतरणं. त्यामुळे अनुभवी गटाबरोबरच जा, आणि जाण्याआधी एखाद्या सोप्या कड्यावर हात बसवून घ्या. ‘मित्राकडे दोर आहे’ एवढ्यावर जाणारे बघितले की धडकी भरते.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. पावसाळ्यात कातळाला शेवाळ असतं, विचारसुद्धा करू नका. आग्यामोहोळं असतात, म्हणून कड्याजवळ धूर आणि अत्तर-डिओ नको.