आधी कुंझुम, मग कर्ज

कोल्हापूरच्या राजारामपुरीतून एका वाचकाचा प्रश्न आला आहे. शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत सुपरवायझर, वय ३८. पगार हातात ५२ हजार. पत्नी घरी शिलाईकाम करतात, त्यातून महिना १५ हजार. घरात ११ आणि ८ वर्षांची दोन मुलं आणि ६७ वर्षांच्या आई, त्यांना बीपीची गोळी चालू. मे महिन्यात पाचही जणांनी हिमाचलमधल्या स्पितीला जायचं ठरतंय. टूरवाल्याने १२ मेपासून चंदीगड–मनाली–काझा–कल्पा–शिमला असं ९ रात्रींचं सर्किट दिलंय: जीएसटी धरून १ लाख ८० हजार ६००, चंदीगडपर्यंतचा प्रवास आपला आपण. पैशासाठी चार वाटा त्यांच्यासमोर आहेत: टूरवाल्याची १२ हप्त्यांची ‘नो कॉस्ट’ योजना, सहकारी बँकेतली २ लाखांची ठेव मोडणं, भिशी लवकर उचलणं, नाहीतर बायकोच्या पाटल्या गहाण. यातली कुठली बरी, असं ते विचारतात. पत्राच्या शेवटी लिहितात, ‘एकदाच जायचंय तर सगळंच करून येऊ.’

तुमचं सगळं गणित महाग झालंय ते या शेवटच्या वाक्यामुळे. म्हणून पैसे कुठून आणायचे हे थोडं बाजूला ठेवू आणि आधी रस्ता बघू.

मनालीहून काझाला, म्हणजे स्पितीच्या मुख्य गावाला, जाताना कुंझुम खिंड ओलांडावी लागते. साडेचार हजार मीटरच्या वरची ही खिंड बर्फाने बंद होते आणि बहुधा मे अखेर किंवा जूनच्या सुरुवातीला उघडते. तारीख कोणी आधी सांगू शकत नाही. अटल बोगदा झाल्यापासून आता वर्षभर जाता येतं, असा समज पसरलाय. ऑक्टोबर २०२० मध्ये खुला झालेला हा ९.०२ किलोमीटरचा बोगदा रोहतांग खिंडीच्या पोटातून जातो आणि तुम्हाला पलीकडच्या लाहौल खोऱ्यात सोडतो. तिथून ग्राम्फू, छत्रू, बातल असं करत कुंझुम चढायचीच असते, तिच्याखाली बोगदा नाही. १२ मेला निघून ती पार करायची म्हणजे नशिबावर हवाला.

तुम्ही सोबत जोडलेल्या माहितीपत्रकात तळाला बारीक अक्षरात आहे: ‘रस्ता बंद असल्यास पर्यायी स्थळदर्शन दिले जाईल, परतावा नाही.’ म्हणजे खिंड बंद निघाली तर मनालीत दोन दिवस जास्त, बोगद्यापलीकडच्या सिस्सूची एक चक्कर, आणि काझाचे पैसे भरूनही काझा नाही. हे कलम बदलून मिळतंय का बघा. कुंझुम बंद असेल तर शिमला–किन्नौर मार्गाने काझाला नेणार का, वाढीव दिवसांचं गाडीभाडं कोण भरणार, हे त्याच्याकडून लेखी घ्या. तो लिहून देणार नाही, असा माझा अंदाज.

दुसरी गोष्ट आईंची. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे-पावणेसहाशे मीटरवर. मनाली दोन हजारांवर, आणि तिथून एकाच दिवसात साडेचार हजारांवर चढून साडेतीन हजारांच्या वर असलेल्या काझात मुक्काम. उंचीचा त्रास होतो तो अशा घाईच्या चढाईमुळेच. किन्नौरकडून गेलं तर चढ टप्प्याटप्प्याने येतो. टूरवाल्याने सर्किट नेमकं उलट्या बाजूने लावलंय.

आता तुमच्या चार वाटा.

‘नो कॉस्ट’ हप्ता: १५,०५० गुणिले १२, म्हणजे १,८०,६००. व्याज शून्य दिसतं. पण रोख भरल्यास १० हजार सूट आहे, ती हप्त्यात मिळत नाही. शिवाय १,९९९ प्रोसेसिंग फी आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, मिळून २,३५९. दोन्ही धरून हिशेब केला तर हे कर्ज वर्षाला सव्वातेरा टक्क्यांच्या आसपास पडतं. त्याहून मोठी अडचण हप्त्याच्या आकड्याची. ६७ हजारांतून गृहकर्जाचे १८,५००, घरखर्च आणि शाळेचे ३१ हजार, भिशीचे ५ आणि एसआयपीचे ५ हजार गेले की तुमच्याकडे ७,५०० उरतात. हप्ता त्याच्या दुप्पट. म्हणजे पहिल्या महिन्यापासून एसआयपी बंद, आणि शिलाईचं काम एखाद्या महिन्यात कमी आलं की गृहकर्जाचा हप्ता लटकणार. दोन्ही हप्ते मिळून ३३,५५० होतात, उत्पन्नाचा निम्मा भाग. हे नको.

भिशी: २० जण, ५ हजारांची, ११ हप्ते झालेत, विसावा ऑक्टोबरमध्ये. सध्या लिलाव ९ हजारांना तुटतोय, म्हणजे एप्रिलमध्ये उचलली तर हातात ९१ हजार, शेवटपर्यंत थांबलात तर १ लाख. बाकीचे हप्ते आणि वाटून येणारा फायदा दोन्हीकडे सारखाच. म्हणजे ९१ हजार सहा महिने वापरायला ९ हजार मोजायचे. वर्षाचा दर वीस टक्क्यांच्या घरात जातो. भिशीत सगळे ओळखीचे असल्याने हे व्याज आहे असं कोणाला वाटत नाही, पण आहे. शेवटपर्यंत थांबा. तुमच्यासारख्या थांबणाऱ्यालाच भिशी परवडते.

ठेव मोडणं वरवर स्वस्त आहे. २४ महिन्यांची, ७.१० टक्क्यांची, मेमध्ये १८ महिने होतील. बँक तेवढ्या मुदतीचा दर (तुम्ही लिहिलाय तो ६.८०) धरून त्यातून १ टक्का दंड कापणार, म्हणजे हाती ५.८० टक्के. नुकसान साधारण ३,९०० रुपये. पण या घरात आजारपण, कंपनीतला ले-ऑफ, सगळ्यासाठी आहे ती एवढी एकच ठेव. कंपनीच्या मेडिक्लेममध्ये आई नाहीत असं तुम्ही लिहिलंय, आणि सत्तरीपुढच्यांचं आयुष्मान कार्ड मिळायला त्यांना अजून तीन वर्षं आहेत. ठेव मोडली की सहलीतून उरलेले पैसेही बचत खात्यात येऊन गणपतीपर्यंत विरून जातात. (ठेव बँकेत आहे हे चांगलं. तिथे ५ लाखांपर्यंत ठेव विम्याचं कवच असतं, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नसतं. पुढे कुठे पैसे ठेवताना हा फरक विसरू नका.)

पाटल्या राहू द्यात. पाऊण-दीड लाखासाठी सोनं गहाण टाकायची वेळ तुमच्यावर आलेली नाही.

मग करायचं काय? मेमध्येच जायचं असेल तर काझा सोडा आणि किन्नौर करा. सांगला (सांगली नव्हे), छितकुल, कल्पा. बास्पा नदीची सांगला खोरी आणि कल्प्याहून समोर दिसणारा किन्नर कैलास हे ‘स्पिती नाही जमलं म्हणून’ बघायचं ठिकाण नाही. रस्ता कुंझुमवर अवलंबून नाही. कल्पा तीन हजार मीटरच्या आत. छितकुल सुमारे ३,४५० मीटरवर. तिथे दिवसा जाऊन यायचं, मुक्काम सांगल्यातच. तरी निघण्याआधी आईंना डॉक्टरांकडे नेऊन आणा. उंचीच्या गोळ्या बीपीच्या गोळ्यांसोबत चालतील का, हे त्यांनाच विचारायचं, मेडिकलवाल्याला नाही.

रात्री अशा: नारकंडा १, सराहन १, सांगला २, कल्पा २, परतताना रामपूर किंवा नारकंडा १. शिमल्यात मुक्काम करू नका, मे महिन्यात तिथे दर आणि गर्दी दोन्ही चढलेले असतात. आणि अंबाबाईच्या गावच्या माणसांनी सराहनची भीमाकाली चुकवू नये.

खर्च मी असा धरतो. कोल्हापूर–निजामुद्दीन थ्री एसी जाऊन-येऊन पाच बर्थ २३ हजार (ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, आईंचंही पूर्ण तिकीट; आणि ५ ते ११ वर्षांच्या मुलाला बर्थ हवा तर त्याचंही पूर्णच). दिल्ली–चंदीगड येणं-जाणं ८ हजार. चंदीगडहून ८ दिवसांची गाडी दिवसाला साडेपाच हजारांनी ४४ हजार. दोन खोल्या, सात रात्री, होमस्टेचा दर २,२०० धरून ३१ हजार. जेवणखाण २५, किरकोळ ६. बेरीज १ लाख ३७ हजार. त्यावर १३ हजार राखीव ठेवा. दीड लाख. टूरवाल्याचं सर्किट रेल्वेखर्च धरून २ लाख ११ हजारांच्या वर जात होतं.

यातली पहिली घाई रेल्वेची. निजामुद्दीन एक्स्प्रेस कोल्हापूरहून आठवड्यातून एकदाच सुटते आणि आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे मार्चच्या मध्यालाच सकाळी आठला बसायचं. आयआरसीटीसीचं खातं आधारशी आत्ताच जोडून ठेवा. नाही मिळालं तर मिरजेहून रोजची गोवा एक्स्प्रेस आहे. दोन्ही बाजूंची तिकिटं पक्की झाल्याशिवाय होमस्टेला आगाऊ पैसे देऊ नका. गाडीसाठी पिवळ्या पाटीची हिमाचल पासिंग टॅक्सीच घ्या, आणि दिवसाच्या दरात डिझेल, टोल, पार्किंग, ड्रायव्हरचं राहणं-जेवण आहे का ते व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. सहलीची भांडणं बहुतेक याच ओळीवरून होतात. आगाऊ २० टक्क्यांच्या वर नाही. छितकुलकडे नेटवर्कचा भरवसा नसतो, १५ हजार रोख जवळ असू द्या. एटीएम जातानाच रामपूरला गाठायचं.

पैसे: बायकोच्या खात्यात ४५ हजार आहेत. फेब्रुवारी ते मे चार पगारांतून ७,५०० प्रमाणे ३० हजार. झाले ७५. उरलेल्या ७५ हजारांसाठी ठेवीवर ओव्हरड्राफ्ट (ठेव न मोडता तिच्यावर मिळणारी उचल) काढा. बँका ठेवीच्या ९० टक्क्यांपर्यंत देतात, दर साधारणपणे ठेवीच्या दरापेक्षा १ टक्का जास्त, म्हणजे ८.१०. पैसे निघायच्या आठवड्यातच उचला, आधी नाही. व्याज वापरल्या दिवसांचंच लागतं. जूनपासून ते ७,५०० त्यातच भरत गेलात तर ऑक्टोबरपर्यंत एकूण व्याज सव्वादोन-अडीच हजार. ठेव जागेवर राहते, आणि दवाखान्याची वेळ आलीच तर तिच्यावर आणखी लाखभर उचलता येतात. ऑक्टोबरात भिशी आली की उरलेले चाळीसेक हजार एकदम फेडा. भिशी नोंदणीची नाही, समजा ती लांबली, तरी नोव्हेंबरात ठेवीची मुदत संपते आणि कर्ज त्यातून वळतं होतं. म्हणून एवढी उधारी मला चालते. १२ हप्त्यांची चालत नाही.

काझाच हवं असेल तर यंदा अजिबात जाऊ नका. भिशीचा लाख आणि वर्षभराची शिल्लक मिळून पुढच्या मेमध्ये एक रुपया उसना न घेता किन्नौरकडून चढत नाको, ताबो, काझा करून त्याच रस्त्याने परत येता येईल. सर्किट पूर्ण होणार नाही, पण मुलांना त्याचं काही वाटणार नाही. आईंना मात्र त्या वेळी नेऊ नये असं माझं मत आहे. त्यांना डोंगर दाखवायचे असतील तर यंदाचं किन्नौरच त्यांच्यासाठी बरं.

भिशीतून कर्ज फिटल्यावर ६० हजार उरतील. त्यातून आधी आईंचा आरोग्य विमा घ्या; बीपी आधीपासून आहे हे अर्जात स्पष्ट लिहा, लपवलंत तर दावा तिथेच नाकारला जातो. आणि एसआयपीला यात कुठेच हात लावायची गरज पडलेली नाही, ती चालू राहू द्या.