पाच हजारांचा जुना कॉम्प्युटर घ्यावा का?

मुलीच्या अभ्यासासाठी दहा-बारा वर्षांपूर्वीचा, पाच हजारांत मिळणारा कॉम्प्युटर घ्यावा का, असं तुम्ही विचारलंय. जुना जरूर घ्या, पण शक्यतो इतका जुना नको.

खरी मेख प्रोसेसरच्या, म्हणजे कॉम्प्युटरच्या मेंदूच्या, पिढीत आहे. दुकानदार नुसतं ‘आय फाइव्ह आहे’ (इंटेल कंपनीच्या प्रोसेसरची एक मालिका) म्हणतो. पण आय फाइव्ह २०१२ चाही असतो आणि २०१८ चाही. पुढचा आकडा विचारा. ३४७० म्हणजे तिसरी पिढी, ८५०० म्हणजे आठवी. इंटेलमध्ये विंडोज ११ अधिकृतपणे साधारण आठव्या पिढीपासून चालतं आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट, म्हणजे सुरक्षेचे मोफत अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणून थोडे पैसे साठवून आठव्या पिढीचा, एखाद्या ऑफिसातून निघालेला डेस्कटॉप घ्या. लॅपटॉप घेतलात तर बॅटरीचा खर्च बहुधा मागे लागतोच.

बजेट अजिबात ताणत नसेल तर तिसऱ्या-चौथ्या पिढीवरही काम भागेल, फक्त त्यात एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क) आणि ८ जीबी रॅम हवी. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली की तेच मशीन ओळखू येत नाही, इतकं चपळ होतं! त्यावर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट टाका. ते फुकट आहे, आणि ब्राउझर, टायपिंग, ऑनलाइन वर्ग सगळं होतं. कोअर टू ड्युओ (आय फाइव्हच्याही आधीचा इंटेलचा प्रोसेसर) मात्र फुकट दिला तरी आणू नका. आजच्या वेबसाइट त्याला झेपत नाहीत, पोरगी वैतागेल.

पैसे देण्याआधी दुकानातच अर्धा तास चालवून बघा. बायॉसला (विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या मूळ सेटिंगला) पासवर्ड नाही ना, हेही तपासा.