चिनी नाण्याचा 'कॅश' कुठून आला?

प्रश्न असा आहे: जुन्या डब्यात चौकोनी भोकाचे पितळी नाणे सापडले, त्यावर चार चिनी अक्षरे आहेत. ते चलनातले नाणे की ताईत? आणि चीनमध्ये रोखीचा व्यवहार चालायचा म्हणून अशा नाण्यांना 'कॅश' म्हणतात, हे खरे का?

दुसऱ्याचे उत्तर आधी देतो, कारण ही थाप ऐकून कान किटले आहेत. अजिबात खरे नाही. रोकड या अर्थाचा कॅश वेगळा, चिनी नाण्याचा कॅश वेगळा. रोकडवाला लॅटिन 'काप्सा' म्हणजे पेटी या शब्दावरून युरोपातल्या युरोपात तयार झाला. त्याच्यावर वेळ घालवण्यात अर्थ नाही.

दुसरा गेला आपल्या देशातून. तमिळमध्ये लहान नाण्याला 'कासु' म्हणतात. पोर्तुगीजांनी त्याचे 'काइशा' केले. त्यांच्या भाषेत पेटीलाही काइशाच म्हणतात, सगळा घोळ तिथूनच सुरू झाला. इंग्रजांनी पुढे 'कॅश' केले आणि पूर्वेकडच्या बंदरांत तसाच हलका पैसा दिसला तेव्हा त्यालाही तेच नाव चिकटवले. कंपनी सरकारचे मद्रासचे १८०८ सालचे तांब्याचे नाणे पाहा. त्यावर इंग्रजीत 'वीस कॅश' आहे आणि फारसीत 'बीस्त कास चहार फलूस अस्त', म्हणजे वीस कास बरोबर चार फलूस. इथे कॅशच्या जागी रोकड घालून बघा, काही अर्थ लागतो का? मद्रासेत ८० कॅशचा एक फणम आणि ४२ फणमांचा एक होन होई. कॅश हे एका ठरावीक नाण्याचे नाव होते.

आता खरी गंमत. हा कासु म्हणजे संस्कृतातला 'कर्ष', एक वजन. मनुस्मृतीत एक कर्ष तांब्याच्या पणाला कार्षापण म्हटले आहे. प्राकृतात त्याचेच 'काहापण' झाले. नाशिकच्या पांडवलेण्यांत दहाव्या लेण्यातल्या, क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याच्या लेखात हा शब्द कोरलेला आहे: ७०,००० काहापण, दर सुवर्णाला (सोन्याच्या नाण्याला) ३५ प्रमाणे २,००० सुवर्ण. काही द्राविड भाषातज्ज्ञ कासु मूळचा द्राविडच मानतात. मला ते मुळीच पटत नाही. पार्श्वचे 'पास' होते, शीर्षचे 'सीस' होते, मग कर्षचे 'कास' व्हायला अडचण कसली? अर्थही जुळतो, ध्वनीही जुळतो, व्यापाराची वाटही माहीत आहे. एवढे सगळे बाजूला सारून वेगळे मूळ शोधायचे तर त्याला तितकाच भक्कम पुरावा हवा, आणि तो कुणी पुढे ठेवत नाही.

वजनाचे नाव नाण्याला लागणे ही तर जगाची रीतच आहे. चीनमध्येही तेच. छिन काळच्या (इ.स.पू. तिसरे शतक) नाण्यावर दोनच अक्षरे, 'पान्लिआंग', म्हणजे अर्धा लिआंग; लिआंग हे चिनी वजन. इ.स.पू. ११८ मध्ये हान राजवटीने 'वूचू' काढले, म्हणजे पाच चू; चू हेही वजनच. इ.स. ६२१ मध्ये थांग सम्राट काओत्सूने नाण्यावरून वजन काढून टाकले आणि ओउयांग शुन या सुलेखनकाराच्या हातची चार अक्षरे आणली: 'खाययुआन थोंगपाओ'. ही नाणी दहा मिळून एक लिआंग भरत. त्यामुळे नाण्याला असलेला 'छ्येन' हा शब्दच लिआंगच्या दहाव्या भागाचे माप होऊन बसला. आपल्याकडे वजनाचे नाणे झाले, तिकडे नाण्याचे वजन! याच खाययुआनवर हौशी संग्राहक हमखास फसतात. ७१३ साली खाययुआन नावाचा कालखंड सुरू झाला, म्हणून नाणेही तेव्हाचे ठरवतात आणि त्याला शतकभर पुढे ढकलतात.

राहता राहिले तुमचे नाणे. अक्षरे बहुधा वर, खाली, उजवे, डावे या क्रमाने वाचायची. शेवटची दोन 'थोंगपाओ', म्हणजे चलनातला ठेवा, अशी असतील तर चलनातले नाणे असण्याचा संभव मोठा. 'छांगमिंग फूक्वेइ' म्हणजे दीर्घायुष्य आणि वैभव, किंवा 'थ्येनश्या थायफिंग' म्हणजे जगात शांतता, असे काही असेल तर ते बहुधा ताईत. मात्र ताईत करणारे नाण्यावरचा मजकूरही उचलत. ९५५ पासून चौ सम्राट शिचोंगने बुद्धमूर्ती वितळवून 'चौयुआन थोंगपाओ' पाडले. बुद्धाच्या धातूचे म्हणून त्याला रोगनिवारक गुण चिकटले, आणि पुढे तीच चार अक्षरे घेऊन मागे ड्रॅगन नि फिनिक्स काढलेले ताईत निघाले.

म्हणून मागची बाजू पाहिल्याशिवाय निकाल देऊ नये, आणि तिच्याबद्दल तुम्ही काहीच लिहिलेले नाही. भोकाच्या डाव्या-उजव्या बाजूंना उभी, नागमोडी मांचू अक्षरे असतील तर नमुना छिंग काळच्या (१६४४ ते १९१२) नाण्याचा. त्यातले उजवीकडचे अक्षर टांकसाळीचे. प्राणी किंवा आठ त्रिरेषा (तीन-तीन रेषांची चिनी चिन्हे) असतील तर बहुधा ताईत.