लेझर मोजणीत शेजाऱ्याचा गडगा चार मीटर आत आला. आता तो काढता येईल का?

प्रश्न : राजापूर तालुक्यात 2021 साली आम्ही आंबा-काजूची बाग खरेदी केली. सातबाऱ्यावर क्षेत्र 1 हेक्टर 20 आर आहे. नोकरीमुळे राहायला ठाण्यात. पूर्वेला शेजाऱ्यांचा जांभ्याचा सुमारे 120 मीटर लांबीचा गडगा (दगडी कुंपणभिंत) आहे. तो आमच्या जागेत सरकल्याचा संशय असल्याने यंदा एका खासगी कंपनीकडून ड्रोन आणि लायडारने (लेझर किरणांनी अंतर मोजणाऱ्या यंत्राने) मोजणी करून घेतली. 48 हजार रुपये आणि वर जीएसटी, असा खर्च झाला. अहवालानुसार गडगा उत्तर टोकाला हद्दीवरच आहे, दक्षिण टोकाला मात्र चार मीटर आमच्या आत आहे, आणि आमच्या ताब्यातले क्षेत्र 1 हेक्टर 14 आर भरते. कंपनी म्हणते, नकाशा तीन सेंटिमीटरपर्यंत अचूक आहे, गडगा खुशाल काढा. शेजारी नकाशा मानत नाहीत, उलट माझ्या बागेवरून विनापरवाना ड्रोन उडवला म्हणून पोलिसांत जातो म्हणतात. काय करावे?

उत्तर : पहिली गोष्ट, गडग्याचा एक चिराही हलवू नका. हद्द ठरवून मिळण्याआधी गडगा पाडलात, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 324 खाली नुकसानीची तक्रार तुमच्यावर होईल. शिवाय ताबा काढून घेतला म्हणून शेजारी विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम 6 खाली सहा महिन्यांच्या आत दावा लावू शकतात. त्या दाव्यात जमीन कोणाची हे न्यायालय पाहतच नाही, कालपर्यंत ताबा कोणाचा होता एवढेच पाहते. म्हणजे जागा तुमची असली तरी तो दावा तुम्ही हराल.

आता तीन सेंटिमीटरच्या अचूकपणाकडे वळू, कारण सगळा घोळ तिथे आहे. ही अचूकता गडग्याच्या जागेची आहे, हद्दीची नाही. ड्रोनवरचा लेझर जमिनीवर आज जे उभे आहे ते टिपतो: गडगा, बांध, पायवाट, झाडाचे खोड. हद्द जमिनीवर दिसत नाही, ती भूमी अभिलेख कार्यालयातल्या कागदात असते. जुन्या मुंबई इलाख्यातली मूळ मोजणी 33 फुटी शंकू साखळीने झाली. 33 फूट गुणिले 33 फूट म्हणजे 1,089 चौरस फूट, हाच आपला गुंठा. साखळीचे सोळा आणे, म्हणजे एक आणा साधारण 63 सेंटिमीटरचा. जो कागद आण्यात लिहिला गेला, त्यातून तीन सेंटिमीटरची हद्द कोणतेही यंत्र काढू शकत नाही.

मग कंपनीने नकाशावर तुमच्या हद्दीची रेघ आणली कुठून? हा प्रश्न त्यांना लेखी विचारा. बहुतेक वेळा महाभूनकाशा संकेतस्थळावरचा गाव नकाशा घेऊन तो ड्रोनच्या चित्रावर ताणून बसवलेला असतो. तो नकाशा संदर्भापुरता आहे. शिवाय 1:5000 प्रमाणाच्या नकाशावर अर्धा मिलिमीटर जाडीची रेघ जमिनीवर अडीच मीटर रुंद होते. रेघ बसवताना थोडी फिरली, की एका टोकाला फरक शून्य आणि दुसऱ्या टोकाला काही मीटर, असे चित्र तयार होते. तुमच्या अहवालातली पाचर नेमकी अशी आहे. 120 मीटरवर चार मीटर म्हणजे दोन अंशांपेक्षाही कमी फिरणे. गडगा खरोखर तिरका बांधलेला असू शकतो, मी ते नाकारत नाही. पण आधी पश्चिमेची बाजू पाहा. तिथे तुमचा स्वतःचा बांध पलीकडच्या खातेदाराच्या जागेत तसाच शिरलेला दिसत असेल, तर चूक गडग्यात नसून नकाशा बसवण्यात आहे.

क्षेत्राचा हिशेबही करून पाहा. शून्यापासून चार मीटरपर्यंत रुंदावणारी 120 मीटर लांबीची पाचर 240 चौरस मीटरची, म्हणजे 2.4 आरची होते. कमी भरले आहेत 6 आर. उरलेले 3.6 आर कुठे गेले? कदाचित रस्त्याकडेला, कदाचित ओहोळाच्या काठाला, कदाचित कंपनीने फक्त कुंपणाच्या आतले क्षेत्र धरले. त्याचे उत्तर मिळाल्याशिवाय सगळी तूट पूर्वेच्या शेजाऱ्याच्या नावावर टाकणारी नोटीस पाठवू नका. कंपनीने दिलेले क्षेत्र सपाटीवरचे आहे की उताराच्या पृष्ठभागाचे, हेही विचारा. अभिलेखातले क्षेत्र सपाटीवरचे धरतात. दहा मीटरला तीन मीटर चढ असेल तर उतारावरून मोजलेले क्षेत्र चार टक्क्यांहून जास्त भरते. कोकणातल्या डगरीवर हा फरक लहान नाही.

शेजाऱ्यांच्या पोलिसांच्या धमकीचे ओझे घेऊ नका, पण कागद जमवून ठेवा. ड्रोन नियम 2021 प्रमाणे हिरव्या, म्हणजे उड्डाणाला मोकळ्या ठेवलेल्या, क्षेत्रात 400 फुटांपर्यंत उड्डाणाला आगाऊ परवानगी लागत नाही, आणि शेजारच्या खातेदाराची संमती घ्यावी अशी अटही त्या नियमांत नाही. ड्रोनला नोंदणी क्रमांक हवा. मोबदला घेऊन मोजणी करणाऱ्या चालकाकडे रिमोट पायलट प्रमाणपत्र हवे, आणि 250 ग्रॅमपेक्षा जड ड्रोनला तृतीय पक्ष विमा हवा. दोन किलोपर्यंतच्या ड्रोनला मिळणारी प्रमाणपत्राची सवलत बिगरव्यावसायिक उड्डाणापुरती आहे. तुमचे उड्डाण व्यावसायिक होते. या तिन्ही कागदांच्या प्रती कंपनीकडून आजच मागवा. त्या दिवशी जिल्ह्यात भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 163 खाली ड्रोनबंदीचा आदेश लागू होता का, हेही पाहा. मात्र खुणा लावायला कंपनीची माणसे न विचारता शेजाऱ्यांच्या बागेत शिरली असतील, तर तो अनधिकार प्रवेश आहे. त्याला ड्रोनचे नियम संरक्षण देत नाहीत.

‘गावठाणात सरकारनेच ड्रोन उडवून मिळकत पत्रिका दिल्या, मग माझा ड्रोन का चालत नाही?’ ही शंका अनेकांच्या मनात असते. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीपासून सुरू झालेल्या गावठाण मोजणीत, आणि 24 एप्रिल 2020 रोजी सुरू होऊन पुढे देशभर राबवलेल्या स्वामित्व योजनेत, उड्डाणाआधी लोकांसमक्ष चुन्याने हद्दी आखल्या गेल्या. मग अधिकाऱ्याने चौकशी केली, हरकती ऐकल्या, आणि त्यानंतर सनद निघाली. अधिकार त्या चौकशीतून आला, चित्रातून नाही. केंद्राच्या 2021 च्या भूस्थानिक (नकाशे आणि मोजणीविषयक) मार्गदर्शक तत्त्वांमुळे खासगी भारतीय कंपन्यांना मोजणी करण्याची मोकळीक मिळाली, हद्द ठरवण्याची नाही. राज्याच्या परवानाधारक भूमापक व्यवस्थेचा हवाला कंपनी देत असेल, तर परवाना दाखवा म्हणावे.

तेव्हा करायचे काय? राजापूरच्या उप अधीक्षक, भूमी अभिलेख कार्यालयातून तुमच्या आणि शेजाऱ्यांच्या, दोन्ही क्रमांकांच्या नकला काढा: मूळ टिपण (जुन्या मोजणीची मापे), हिस्सा नकाशा, आकारबंद (क्षेत्र आणि आकारणीची नोंद), आणि पूर्वी कधी मोजणी झाली असेल तर तिची ‘क’ प्रत, म्हणजे मोजणीनंतर मिळणारा नकाशा. शेजाऱ्यांची जुनी ‘क’ प्रत मिळाली तर निम्मा वाद कागदावरच मिटतो. गडगा त्या मोजणीनंतर हद्दीच्या खुणांवर बांधला, की खुणा सोडून पुढे, हे लगेच कळते. खरेदीखतातली चतुःसीमाही वाचा. ‘पूर्वेस अमुक यांचा गडगा’ असे शब्द असतील आणि तो हाच गडगा असेल, तर तुम्ही गडग्यापर्यंतचीच जागा घेतली असे शेजारी म्हणतील. क्षेत्राचा आकडा आणि चतुःसीमा यांत विसंगती आली, तर न्यायालये सर्वसाधारणपणे चतुःसीमेला वजन देतात.

नकला हातात आल्यावर ई-मोजणी या शासकीय ऑनलाइन प्रणालीवर ‘हद्द कायम’ मोजणीचा, म्हणजे हद्दीच्या खुणा ठरवून देणाऱ्या मोजणीचा अर्ज करा. डिसेंबर 2024 पासूनच्या दरांनुसार ग्रामीण भागात 2 हेक्टरपर्यंत नियमित मोजणीला 2,000 रुपये आणि द्रुतगतीला 8,000 रुपये फी आहे. तुमचे क्षेत्र त्यात बसते, पण बाग दोन हिस्सा नंबरांत असेल तर फी प्रत्येकाची वेगळी धरा. कंपनीला दिलेल्या रकमेशी ही तुलना मुद्दाम करतो. हद्दीच्या वादात आधी हे दोन हजार खर्च करायचे असतात. सातबाऱ्यावर सहहिस्सेदार असतील तर त्यांची संमती जोडा. चारी बाजूंच्या कब्जेदारांची नावे आणि चालू पत्ते अचूक द्या, विशेषतः मुंबईत राहणाऱ्यांचे. नोटीस न मिळाल्याची हरकत ही मोजणी उधळायची सर्वांत सोपी वाट आहे.

मोजणी पावसाळ्याबाहेर ठेवा आणि त्याआधी गडग्याच्या दोन्ही अंगांची झुडपे तोडून दृष्टीरेषा मोकळी करा. शेजाऱ्यांच्या बाजूचे काम त्यांच्या संमतीनेच. भूकरमापक (भूमी अभिलेखचे मोजणीदार) आता रोव्हर, म्हणजे उपग्रहांवरून स्थान सांगणारे यंत्र वापरतात. राज्यात त्यासाठी 77 कॉर्स स्थानके (उपग्रह-स्थानाची चूक दुरुस्त करणारी कायमची केंद्रे) आहेत आणि मोकळ्या जागी रोव्हर काही सेंटिमीटरपर्यंत स्थान देतो. पण आंब्याच्या दाट पानोळ्याखाली त्याला उपग्रह नीट मिळत नाहीत. तिथे टोटल स्टेशन (दुर्बिणीतून कोन आणि अंतर मोजणारे यंत्र) लावून मोजा, अशी विनंती अर्जातच करा. प्रत्यक्ष मोजणीत भूकरमापकाने कोणते जुने बिंदू कायम धरले, यावर सगळे ठरते. जुना हद्दीचा दगड, तिठा, दोन नंबरांचा ठळक कोपरा, असे किमान तीन-चार बिंदू विवादित गडग्यापासून दूरचे आणि चहूबाजूंचे हवेत. विवादित गडगाच कायम बिंदू धरला, तर मोजणी सुरू होण्याआधीच निकाल लागला म्हणून समजा. तसे दिसले तर त्याच वेळी जबाबात हरकत लिहून द्या, कोऱ्या पंचनाम्यावर सही करू नका, आणि त्या दिवशी स्वतः हजर राहा.

तुमचा ड्रोन अहवाल इथे उपयोगी पडतो. कायम बिंदू आणि गडगा यांचे अक्षांश-रेखांश भूकरमापकाला द्या. मात्र कंपनीने आपले तळस्थानक (जमिनीवरचे संदर्भ यंत्र) कॉर्सला किंवा भारतीय सर्वेक्षणच्या नियंत्रण बिंदूला जोडले होते का, ते आधी विचारा. नुसत्या स्वतंत्र जीपीएस स्थानावर तळ मांडला असेल तर सगळा नकाशा आकाराने बरोबर, पण एक-दोन मीटर सरकलेला असू शकतो.

मोजणी मान्य नसेल तर निमताना मोजणी, म्हणजे वरिष्ठांकडून फेरमोजणी, मागता येते. जमीन महसूल संहिता 1966 खालील आदेशाविरुद्ध भूमी अभिलेखच्या जिल्हा अधीक्षकांकडे अपील 60 दिवसांत करायचे. संहितेप्रमाणे हद्द निश्चित झाली, तर कलम 138 खाली चुकीच्या ताबेदाराला हटवण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे. तरीही शेजारी अडून बसले तर दिवाणी न्यायालयात हद्द निश्चिती आणि ताब्याचा दावा करा. त्यात दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 26 नियम 9 खाली शासकीय मोजणी अधिकाऱ्याला कोर्ट कमिशनर (न्यायालयातर्फे जागा पाहणारा) म्हणून नेमण्याचा अर्ज सुरुवातीलाच द्या. हद्दीच्या वादात स्थळपाहणीसाठी असा कमिशनर नेमण्यावर सर्वोच्च न्यायालयाने हरियाणा वक्फ बोर्ड विरुद्ध शांती सरूप (2008) या निकालात भर दिला आहे. ड्रोन अहवाल भारतीय साक्ष्य अधिनियम 2023 च्या कलम 39 खाली तज्ज्ञाचे मत म्हणून येईल. त्यासाठी मोजणी करणाऱ्याला साक्षीला यावे लागेल आणि कलम 63 चे प्रमाणपत्र लागेल. म्हणून मूळ छायाचित्रे, लेझरची बिंदू-माहिती आणि नियंत्रण बिंदूंची यादी आताच हार्डडिस्कवर घ्या. अनेक कंपन्या काही महिन्यांनी मूळ माहिती पुसून टाकतात, आणि नुसती पीडीएफ उलटतपासणीत टिकत नाही.

सर्वांत नाजूक मुद्दा तुमच्या पत्रात आलेलाच नाही: गडगा बांधला केव्हा? मुदत अधिनियमाच्या अनुच्छेद 65 प्रमाणे बारा वर्षे उघड आणि विरोधी ताबा असेल तर ताबा मागण्याचा हक्कच संपू शकतो. ही बारा वर्षे तुमच्या 2021 च्या खरेदीपासून मोजत नाहीत, आधीच्या मालकाच्या काळातलीही त्यात धरली जातात. लेझरने झाडांखालचा गडगा जितका स्पष्ट दाखवला, तितकी त्याच्या लगतची जुनी कलमी झाडेही दाखवली असतील. पंचवीस वर्षांचे कलमी झाड गडग्याला खेटून शेजाऱ्यांच्या बाजूला असेल, तर अहवाल तुमच्याविरुद्धही वाचला जाईल. म्हणून तो शेजाऱ्यांना देण्याआधी, किंवा व्हॉट्सॲपवर पाठवण्याआधी, वकिलाला दाखवा. मूळ मालकाकडून गडग्याच्या काळाबद्दल लेखी माहिती घ्या, जुनी उपग्रह चित्रे पाहा. बारा वर्षे भरत आली असतील तर मोजणीची वाट न पाहता आधी दावा दाखल करा.

पैशांचे शेवटी. कंपनीच्या छापील दरपत्रकाला भुलू नका. खासगी मोजणीचे दर शासन ठरवत नाही. तीन एकरांवर ड्रोन वीसेक मिनिटे उडतो. पैसा जातो तो माणसे-यंत्रे आणण्यात, नियंत्रण बिंदू मोजण्यात आणि नंतरच्या संगणकीय कामात, म्हणून लहान तुकड्याला एकरी दर महाग पडतो. लायडारचा यंत्रसंच कॅमेऱ्यापेक्षा बराच महाग, त्याचा भार बिलात येतो. दाट बागेत समपातळी रेषा काढायला, विहीर-तळ्याचे नियोजन करायला तो उत्तम. 120 मीटरचा गडगा मोजायला टोटल स्टेशनवाला पुरेसा होता. कंपनीने कोटेशनमध्ये किंवा संदेशात ‘कायदेशीर हद्द काढून देऊ’ असे लिहिले असेल, तर ती सेवेतली त्रुटी आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम 2019 खाली जिल्हा आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि 5 लाखांपर्यंतच्या मोबदल्याला तक्रारीची फी नाही. तुम्ही नुसता ‘स्थलदर्शक नकाशा’ मागितला होता असे कोटेशनवर असेल, तर मात्र पैसे परत मिळणार नाहीत. कोटेशन आणि बिलाची तारीख आज काढून पाहा.