दूरदर्शनवरील मुलाखतीची तयारी

प्रश्न : ऊसतोड कामगारांच्या जीवनावरील माझी पहिली कादंबरी नुकतीच प्रसिद्ध झाली असून सह्याद्री वाहिनीने अर्ध्या तासाच्या मुलाखतीसाठी मला मुंबईला बोलावले आहे. आयुष्यभर शाळेत शिकवल्यामुळे बोलण्याची भीती नाही, परंतु कॅमेऱ्यासमोर मी कधीच बसलेले नाही. संभाव्य प्रश्नांची उत्तरे लिहून पाठ करावीत का? आणखी कोणती तयारी करावी?
— एक वाचक, जि. बीड

उत्तर : आपले मनःपूर्वक अभिनंदन. उत्तरे कृपया पाठ करू नका. पाठ केलेले उत्तर देणाऱ्याचे लक्ष समोरच्याच्या प्रश्नाकडे राहत नाही, ते पुढचे वाक्य आठवण्यात गुंतते, आणि चेहरा जवळून टिपणाऱ्या कॅमेऱ्यापासून ही धांदल लपत नाही.

पाठांतराऐवजी कादंबरीतील तीन-चार प्रसंग निवडून ते घरच्यांना, शक्यतो पुस्तक न वाचलेल्या माणसाला, तोंडी सांगून पाहा. आपल्या प्रेक्षकांपैकी बहुतेकांनी पुस्तक वाचलेले नसणार, हे गृहीत धरूनच बोलावे लागते. ‘मी ऊसतोडीचे विदारक वास्तव मांडले आहे’ हे वाक्य या विषयावरील कोणत्याही पुस्तकाला लागू पडेल. याउलट मुकादमाकडून उचल घेतलेले जोडपे दिवाळीच्या सुमारास घराला कुलूप लावून, मुलाबाळांसह, कारखान्याच्या वाटेला कसे लागते आणि त्यानंतर वर्गातील हजेरीपटावर कोणत्या नावांपुढे गैरहजेरी पडत जाते, हे आपण सांगू लागलात, तर ते आपलेच असेल. शिक्षिका म्हणून तो हजेरीपट आपण स्वतः भरलेला आहे. त्याविषयी जरूर बोला.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि ‘प्रतिभा आणि प्रतिमा’सारख्या कार्यक्रमांमुळे साहित्यिकांशी निवांत गप्पांची सवय तेथील प्रेक्षकांना लागली. वृत्तवाहिनीला छोटी बाइट, म्हणजे काही वाक्यांची प्रतिक्रिया, हवी असते, तेथे मुख्य मुद्दा पहिल्याच वाक्यात सांगावा लागतो. अर्ध्या तासाच्या मुलाखतीत मात्र क्षणभर थांबून, विचार करून उत्तर द्यायला हरकत नाही. कार्यक्रम ध्वनिचित्रमुद्रित होणार असेल, तर संकलनात मुलाखतकाराचा प्रश्न कापला जाऊ शकतो, म्हणून ‘हो, तसेच झाले’ असे तुटक उत्तर न देता प्रश्नाचा आशय उत्तरात घेऊन पूर्ण वाक्यात बोलावे.

मुलाखतकाराला सगळे पुस्तक वाचायला वेळ मिळतोच असे नाही. त्यामुळे निर्मात्यांकडे पुस्तकाची प्रत, मुखपृष्ठाचे स्वच्छ छायाचित्र आणि एक पानाचे टिपण आधीच पाठवा. आपल्याला महत्त्वाचे वाटणारे चार-पाच प्रश्न त्या टिपणात सुचवणे गैर मानले जात नाही. उतारा वाचायचा असेल, तर एका मिनिटात मावेल एवढाच निवडा आणि घड्याळ लावून मोठ्याने वाचून पाहा. पुस्तकाच्या चकचकीत पानांवर स्टुडिओतील दिव्यांचा उजेड परततो, म्हणून उतारा मोठ्या अक्षरांत साध्या कागदावर छापून नेलेला बरा.

पोशाखाविषयी थोडक्यात. बारीक रेघांचे किंवा बारीक चौकड्यांचे कापड पडद्यावर थरथरल्यासारखे दिसते; एकरंगी साडी उत्तम. पार्श्वभूमी हिरवी किंवा निळी असून तिच्या जागी दुसरे दृश्य बसवले जाणार असेल, तर तो रंग टाळावा लागतो, म्हणून आधी विचारून घ्या. छोटा माइक पदराजवळ लावतात, तेव्हा लांब मंगळसूत्र किंवा हार त्यावर घासला, तर प्रत्येक हालचालीला खरखर ऐकू येते. काचेच्या बांगड्यांचा आवाजही शब्दांवर चढतो. बोलताना मुलाखतकाराकडे पाहावे, कॅमेरे आपापले काम करतात.

एका प्रश्नाची तयारी मात्र नक्की करून जा : ‘यातील पात्रे खरी आहेत का?’ आपल्या वर्गातील एखाद्या मुलीची कहाणी कादंबरीत आली असेल, तर तिचे नाव, गाव किंवा ओळख पटेल असा कोणताही तपशील पडद्यावर सांगू नका, मुलाखतकाराने आग्रह धरला तरीही. ‘अनेक मुलींचे अनुभव एकत्र करून मी हे पात्र घडवले’ असे जर खरोखर असेल, तर तेवढे सांगणे पुरेसे आहे. तसे नसेल, तर ‘त्या कुटुंबाच्या खासगीपणासाठी मी याहून अधिक बोलणार नाही’ असे शांतपणे म्हणावे. हा आग्रह होऊ नये म्हणून ध्वनिचित्रमुद्रणापूर्वीच निर्मात्यांना तशी कल्पना देऊन ठेवा.